शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकेच

माझी नोकरीची मुलाखत पावणेतीन तास चालली आणि तीत मला एकूण अकरा प्रश्न विचारले गेले.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवण्याच्या एका कारखान्याच्या वरच्या माळ्यावर ते कार्यालय होते. जिना चढून गेले तेव्हा दार उघडे होते आणि पंचावन्नच्या आसपासचे एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसून झोपले होते. चष्मा कपाळावर, हात मांडीवर. समोरच्या टेबलावर एक पुठ्ठा उभा केला होता आणि त्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले होते : ‘बसावे. मी दर पंधरा मिनिटांनी जागा होतो.’ मी बसले. खाकरून कुणाला उठवावे हा माझा स्वभाव नाही.

पंधरा मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले, चष्मा नाकावर घेतला, माझे नाव विचारले, मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. पुढल्या जागेपणी शिक्षण. त्याच्या पुढल्या जागेपणी, “संख्याशास्त्रात एम.एस्सी., आणि पहिली नोकरी तेहतिसाव्या वर्षी?” मी सांगितले की वडील अंथरुणाला खिळले होते. या उत्तरावर ते नेहमीपेक्षा दोन मिनिटे जास्त जागे राहिले, एवढे मला आठवते. अकरावा प्रश्न असा होता, ज्याची मला शाळेपासून धास्ती वाटत आलेली आहे : “तुमचा आवाज नेहमी एवढाच असतो?”

“हो,” मी म्हणाले.

“उद्यापासून या,” सर म्हणाले.

सर अंबरनाथच्या एका रासायनिक कारखान्यात मोजमापाच्या उपकरणांचे अधिकारी होते. ती नोकरी त्यांनी आपण होऊन सोडली, कारण एका लहानशा यंत्रावर त्यांची श्रद्धा बसली. हे यंत्र तळहातावर मावे. दोन पेन्सिल सेल, उष्णता मोजणारा एक सेन्सर आणि अगदी अशक्त असा रेडिओ. ते बहुतेक वेळ झोपून राही. ठरावीक वेळाने जागे होई, उष्णता मोजी, आकडा शेजारच्या यंत्राच्या कानात सांगे आणि झोपी जाई. शेजारचे तो आकडा पुढल्याला सांगे, पुढले त्याच्या पुढल्याला. एखादे बंद पडले तर संदेश दुसऱ्या शेजाऱ्याकडून वाट काढी. अशा पंधरा यंत्रांचे, सरांच्या भाषेत नोडांचे, जाळे विणले की कारखान्याच्या टोकाच्या टाकीची खबर तारेवाचून मॅनेजरच्या टेबलावर येते, आणि त्यासाठी कुणालाच ओरडावे लागत नाही. म्हणूनच सेल वर्षानुवर्षे टिकतात.

यंत्राला जे जमते ते माणसाला का जमू नये, असा सरांचा सवाल होता आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी स्वतःलाच कामाला लावले होते. “झोप म्हणजे आळस नव्हे,” ते म्हणत. “झोप ही बचत आहे.”

कार्यालयात आम्ही तिघेच : सर, मी, आणि यंत्रे जुळवणारे, बसवणारे मोरिवलीचे भोईर. टेबले एका रांगेत होती. भिंतीशी मी, मग भोईर, मग सर. नियम असा की आवाज फक्त शेजाऱ्याला ऐकू जाईल इतकाच ठेवायचा. मला सरांना काही सांगायचे असल्यास मी ते भोईरांना सांगे आणि भोईर सरांना सांगत. ऐकणाऱ्याने संदेश मिळाल्याची पोच म्हणून टेबलावर बोटांनी दोनदा टकटक करायचे. टकटक आली नाही तर संदेश पुन्हा सांगायचा. सरांचे टेबल माझ्यापासून सात पावलांवर होते आणि मी भोईरांना सांगितलेला शब्दन् शब्द सरांना ऐकू येई. पण तो भोईरांकडून येईपर्यंत ते न ऐकल्यासारखेच राहत.

सुरुवातीला भोईर वैतागले असावेत. एकदा माझ्याकडून आलेल्या संदेशाच्या शेवटी त्यांनी आपले मत जोडले. मी कळवले होते, “मला उद्या रजा हवी आहे.” त्यांनी सरांना सांगितले, “ताईंना उद्या रजा पायजे, आन् माझ्या मते द्यावी.” त्यावर सरांनी टकटक केली नाही. ते खुर्चीतून उठले, ही गोष्टच दुर्मिळ होती, आणि आम्हा दोघांच्या मध्ये येऊन म्हणाले :

“नोडला मत नसतं, भोईर. आलेलं पुढे द्यायचं. पटो न पटो. आपल्या नुकसानीचं असलं तरी जसंच्या तसं. एका नोडनं जरी निवडानिवड केली ना, तर ते जाळं नाही राहत, तो चहाचा कट्टा होतो.”

हे त्यांचे मी ऐकलेले सर्वांत लांब भाषण. त्यानंतर दिवसभर ते झोपून होते.

मला हा नियम आवडत असे, हे येथे कबूल करायला हवे. आयुष्यात प्रथमच माझा आवाज पुरेसा होता.

या व्यवस्थेला एकच सुरुंग होता आणि तो बदलापुरात राहत असे. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, महिन्यातून एकदा येत, आणि जिन्याच्या तळाशी उभ्या राहून, शिलाई मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवून विचारीत, “अहोऽऽ! वर आहात की झोपलात?” खालचे वीस कारागीर, वरचे आम्ही आणि समोरचा लस्सीवाला, सगळ्यांना एकाच वेळी ऐकू येई. सर हताश होऊन म्हणत, “बघा. एका माणसासाठी पंचवीस जणांत केलेलं प्रसारण. किती ही ऊर्जा!”

माझे नेमणुकीचे काम वेगळेच होते. ‘बिनतारी संवेदक-जाळ्यांच्या बाजाराचे भवितव्य’ या नावाचा एक अहवाल सर दर वर्षी तयार करीत आणि अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांना पाठवीत. त्यासाठी त्यांना संख्याशास्त्रज्ञ हवा होता. अहवालाची पद्धत मला पहिल्याच आठवड्यात समजली. आम्ही दोघे वही घेऊन कॅम्प तीनच्या चौकात उभे राहत असू आणि सर मोजण्यालायक वस्तू मोजीत. पाण्याच्या टाक्या, गॅसच्या शेगड्या, बर्फाच्या पेट्या, रिक्षांची इंजिने, इस्त्र्या. “त्या इस्त्रीला सेन्सर नको? लिहा. त्या कढईला? लिहा.” एका दुकानापुढे लटकलेल्या जीन्सचे खिसेही ते मोजू लागले तेव्हा मी धीर करून विचारले, “सर, खिशात काय मोजायचं?”

“ते ग्राहक ठरवेल,” सर म्हणाले. “तुम्ही खिसे मोजा.”

मागणी आणि इच्छा यांत फरक असतो, हे मी विद्यापीठात शिकले होते. ते मी त्यांना सांगितले नाही. भोईर त्या वेळी सोबत नव्हते, आणि थेट सांगण्याची मला सवय नव्हती.

अहवालाच्या शेवटच्या पानावर एक आलेख असे. बाजाराची रेघ बराच काळ जमिनीलगत सरपटत जाई आणि ‘पुढील वर्ष’ या जागी पोहोचताच उभी चढे, जणू कुणी तिला खालून टाचणी टोचली असावी. माझ्या पहिल्या अडीच वर्षांत तीन अहवाल निघाले. रेघ तीच राहिली. खालची वर्षे तेवढी मी प्रत्येक वेळी एकेक घर पुढे सरकवली. तिसऱ्या वेळी मी भोईरांमार्फत विचारले, रेघ तशीच ठेवायची का? उत्तर आले : “रेघेचं काय चुकलंय? वर्षं चुकतायत.”

कारखान्याचे मालक आमच्या जागेचेही मालक होते. त्यांना सगळे शेठ म्हणत आणि ते सगळ्यांना साईं म्हणत. ते संध्याकाळी वर येत, कपड्यांवरचे निळे तंतू झटकत आणि सर जागे होण्याची वाट बघत बसत.

“साईं, तुमचा मार्केट कधी येनार?” त्यांनी एकदा विचारले. “आपला माल तो रोज निकलता है.”

“पुढल्या वर्षी.”

“मागच्या साली पण तुम्ही हेच बोलला होता.”

“तेव्हाही ते पुढलंच होतं.”

शेठ हसले, पण त्यांना वरचा माळा हवा होता. खाली कापड कापायच्या टेबलाला जागा पुरत नव्हती. शेवटी सरांनीच शब्द दिला : दसऱ्यापर्यंत एक जरी कारखाना जाळे घ्यायला तयार झाला नाही, तर दिवाळीत माळा रिकामा करीन आणि यंत्रे गुंडाळून बदलापूरला जाऊन बसेन. हा शब्द देताना ते पूर्ण जागे होते. मी घरी विठ्ठलवाडीला आले आणि आईला काही बोलले नाही. माझी पहिली नोकरी अडीच वर्षांची झाली होती.

सरांचा स्वतःच्या यंत्रांवर किती विश्वास होता ते एका माठावरून सांगता येईल. कार्यालयातल्या माठाला त्यांनी पाण्याची पातळी सांगणारा नोड बसवला होता. माठ त्यांच्या उजव्या हाताला होता. हात लांबवला की पाणी. एकदा मी सकाळी तो काठोकाठ भरला, पण संगणकाच्या पडद्यावर तो रिकामा दिसत राहिला. सर दुपारपर्यंत तहानलेले बसले. शेवटी भोईरांनी पेला भरून पुढे ठेवला तेव्हा त्यांनी तो प्यायला, पण नोंदवहीत ‘स्रोत अज्ञात’ असे लिहिले.

असा माणूस आणि एक महिन्याची चाचणी. मोरिवलीला लागून असलेल्या एका रासायनिक कारखान्याने ती मान्य केली. तिथले मॅनेजर सरांच्या जुन्या ओळखीचे, सरळ आणि घाईचे गृहस्थ होते. ते म्हणाले, “चाचणीचा महिना खंडेनवमीला संपतो. त्या दिवशी चार वाजता मी तुमच्या पडद्यासमोर बसतो. पंधराच्या पंधरा नोड बोलले पाहिजेत. बोलले, तर तिथल्या तिथे पत्रावर सही करतो. एक जरी मुका राहिला तर आपण चहा पिऊ आणि विषय संपवू.”

नोडांना पेट्या हव्या होत्या. भोईरांनी बाजारातून साबण ठेवायच्या प्लॅस्टिकच्या डब्या आणल्या. घाऊक दुकानात फक्त गुलाबी शिल्लक होत्या. पंधरा गुलाबी डब्या, प्रत्येकीतून उंदराच्या शेपटीएवढी तार बाहेर, टाक्यांना आणि पाइपांना बांधलेल्या. टाक्यांवर काम करणारे कामगार आधी हसले, मग त्यांना त्यांची सवय झाली, आणि मग ते त्या पुसूही लागले.

महिनाभर जाळे कधीच पुरते जुळले नाही. कारखाना म्हणजे लोखंडच लोखंड, आणि कुजबूज लोखंडाच्या पलीकडे जात नाही. सात आणि आठ नंबरच्या मध्ये टँकर उभा राहिला की सातच्या मागचे सगळे मुके. एखाद्या नोडची खबर आली नाही की भोईर स्वतः जात, आकडा चिठ्ठीवर टिपून चालत आणीत आणि मी तो नोंदवहीत घाली.

“हे काय?” मॅनेजरांनी एकदा वही उलटत विचारले. “‘नोड नऊ, भोईर मार्गे’?”

“जाळं स्वतःला दुरुस्त करतं,” सर म्हणाले.

“तो माणूस आहे हो.”

“तूर्त,” सर म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

शेवटच्या आठवड्यात पंधरापैकी नऊ बोलत. नवमीच्या आदल्या दिवशी आठ.

खंडेनवमीच्या दुपारी आम्ही मॅनेजरांच्या केबिनमध्ये एका रांगेत बसलो : भिंतीशी मी, मग भोईर, मग सर, आणि पलीकडे मॅनेजर. कारखाना बंद होता. यंत्रे धुतलेली, दारांना झेंडूची तोरणे, सगळीकडे उदबत्तीचा वास. माझ्या घरी आई दुसऱ्या दिवशी विहारात नेसायच्या पांढऱ्या साडीला इस्त्री करीत असेल, असे मनात आले. आमचा दसरा वेगळा असतो. प्रात्यक्षिकासाठी भोईरांनी सकाळीच सगळ्या नोडांची झोप कमी करून ठेवली होती. दर पाच सेकंदांनी आकडा यायचा होता.

चार वाजता संगणकाचा पडदा सुरू केला. पंधरा हिरवे दिवे.

 मॅनेजरांनी बोटाने मोजले. मग पुन्हा मोजले. “पंधरा!” ते ओरडले. “अरे वा! एकही गळत नाही. काय केलंत काय रात्रीतून?” सरांचे डोळे सताड उघडे होते. इतका वेळ सलग जागे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. 

मॅनेजरांनी खणातून पत्र काढले.

मी मात्र आकडे बघत होते. दुसरे काही मला नीट बघता येत नाही. पहिल्या टाकीची उष्णता एकतीस. पाचव्या पाइपाची एकतीस. बर्फाच्या पाण्याच्या नळीचीही एकतीस. जगात इतके मतैक्य नसते. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, एक नंबरचा आकडा दोन अंशांनी चढला आणि उतरला. त्यानंतर दोन नंबरचा. मग तीन. असे ओळीने पंधरापर्यंत गेले, आणि पुन्हा एकपासून सुरू झाले. मी फेऱ्या मोजल्या. पाच झाल्या आणि थांबल्या.

पाच फेऱ्या कशाच्या असतात हे मला ठाऊक होते. आम्ही करीत नसलो तरी शेजारी ऐकत-बघत आले होते. मी पाणी पिण्याचे निमित्त करून बाहेर पडले.

केबिनच्या भिंतीमागेच दुरुस्ती खात्याचा व्हरांडा होता. तेथे पाटावर लाल कापड, त्यावर विड्याची पाने, हातोडी, मोठे छोटे स्पॅनर, आणि समोर एका ओळीत, नंबराप्रमाणे, पंधरा गुलाबी डब्या. प्रत्येकीला हळदीकुंकवाचे बोट, प्रत्येकीच्या तारेत झेंडूचे एक फूल. तबकातला कापूर नुकताच विझत होता. एक वयस्क कामगार मला बघून कौतुकाने म्हणाला, “या ताई! तुमच्या मशिनीपण घेतल्या बघा पुजेला. म्हैनाभर उन्हातान्हात टांगलेल्या. एक दिवस त्यांनाबी आराम नको का? प्रत्येकीला वेगळं ओवाळलं, कुणाला वाटायला नको.”

 त्याने माझ्या हातावर साखरफुटाणे ठेवले. ते मी मुठीत घेऊन आत आले.

मॅनेजर पत्राची तारीख घालीत होते. सर पडद्याकडे बघत होते. मला गप्प बसता आले असते. गप्प बसणे ही माझी आयुष्यभराची कमाई आहे, आणि त्या दिवशी तिच्यात माझी नोकरी, सरांचा माळा आणि तो आलेखातला चढ, सगळे मावत होते. दसऱ्यानंतर डब्या परत टांगल्या जातील, मुक्या होतील, पण सही झालेली असेल. मात्र त्या टाक्यांतले द्रव्य तापले, तर ज्याने आता मला साखरफुटाणे दिले तो माणूस जवळ उभा असणार होता.

मी भोईरांकडे वळले आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्याच आवाजात सांगितले, “सगळ्या डब्या मागच्या व्हरांड्यात एका पाटावर आहेत. पूजेला मांडल्यात.”

भोईरांची बोटे टेबलावर होती. ती हलली नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले. नियमाप्रमाणे मी संदेश पुन्हा सांगितला. तेव्हा त्यांनी दोनदा टकटक केली, एक श्वास घेतला आणि सरांच्या कानाशी वाकले. मत जोडले नाही.

सरांनी लगेच टकटक केली. अगदी लगेच. मला आजही वाटते की आकड्यांची ती फेरी त्यांनीही पाहिली असावी आणि ते फक्त संदेश रीतसर येण्याची वाट बघत असावेत. पण मी खात्रीने सांगू शकत नाही. ते मॅनेजरांकडे वळले, चष्मा नीट केला, आणि आपल्या जन्माच्या स्वप्नाविरुद्धचा तो संदेश, एक शब्द न गाळता, हलक्या आवाजात पुढे दिला : “सगळ्या डब्या मागच्या व्हरांड्यात एका पाटावर आहेत. पूजेला मांडल्यात.”

मॅनेजरांचे पेन थांबले. त्यांनी आमच्या तिघांकडे ओळीने पाहिले. महिनाभर आम्हाला बघून त्यांनाही रीत कळली होती. त्यांनी पत्र खणात परत ठेवले आणि पेनाच्या टोकाने टेबलावर, अगदी हळू, दोनदा टकटक केली.

मग आम्ही चहा प्यायलो. साखरफुटाणे मी सर्वांत वाटले.

दिवाळीत माळ्यावर कापड कापायचे टेबल आले. शेठना वाईट वाटले. त्यांनी सरांना जाताना एक जीन्स दिली. त्याआधीच्या आठवड्यात सरांनी शेवटचा अहवाल पुरा केला. आलेखाखालची वर्षे त्यांनी मला कोरी ठेवायला सांगितली. ‘बाजारवाढीतील अडथळे’ या प्रकरणात आधी दोन कलमे होती, लोखंड आणि टँकर. त्यांखाली त्यांनी स्वतःच्या हाताने तिसरे लिहिले : ‘यंत्रावर कामगारांची माया बसणे. यावर तांत्रिक उपाय आढळला नाही.’

पुढे मला अंबरनाथला एका शाळेत गणित शिकवण्याचे काम मिळाले. पहिल्या बाकापुरता आवाज मी कमावला आहे. मागच्या बाकांना पुढचे सांगतात.

काही वर्षांनी रस्त्यात भोईर भेटले. ते आता चाचणीच्या त्या रासायनिक कारखान्यातच लागले होते. त्यांनी एक बातमी दिली आणि म्हणाले, “सरांना सांगा. माझं जानं होत नाय.” म्हणून एका रविवारी मी बदलापूरला गेले. दार वहिनींनी उघडले आणि जिन्यातच मोठ्याने म्हणाल्या, “या, या! आहेत, झोपलेत, दुसरं काय!” सर गॅलरीत ताठ बसून झोपले होते. चष्मा कपाळावर, अंगात जीन्स. मी शेजारच्या खुर्चीत बसले. पंधरा मिनिटे लागणार होती. मला घाई नव्हती.

ते जागे झाले तेव्हा मी भोईरांचा संदेश होता तसा सांगितला : “पंधराही डब्या तिथं जपून ठेवल्यात. सेल कधीच संपले. दर नवमीला पाटावर मांडतात, ओळीनं, नंबरवार.”

सरांनी विचार केला. “एकही हरवली नाही?”

“नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटले, झोपले. मग खुर्चीच्या हातावर त्यांची बोटे दोनदा वाजली.